नीळकंठरावांची वरची कवळी

मित्रांनो, आधी हसून घ्या. दुधाचा दात हलायला लागला म्हणून तुम्ही या दवाखान्यात येता, खुर्चीवर चढता, आणि समोरच्या फळीवर काचेच्या बरणीत मला पाहून हसता. त्याची मला सवय झाली आहे. कुणाच्याच तोंडात नसलेले दात पाण्यात एकटे दिसले की कुणालाही हसू येईल. पण हसून झाले की जरा नीट पाहा. माझ्या गुलाबी भागावर, अगदी मधोमध, एक वाकडी रेघ आहे. मी जुनी कवळी आहे, वरच्या जबड्याची, आणि ही हकिकत त्या रेघेची आहे.

माझा जन्म इथेच, भोपाळच्या पिपलानीत, डॉक्टर मृणाल यांच्या या दवाखान्यात झाला. आधी त्यांनी एका माणसाच्या तोंडात मऊ लगदा दाबून वरच्या जबड्याचे माप घेतले. त्यावरून प्लास्टरचा साचा झाला. साच्यावर मेण चढले, मेणात एकेक दात बसला. मग गरम पाण्याने मेण वितळवले आणि त्याच्या जागी गुलाबी प्लास्टिकचा लगदा भरून तो शिजवला. बाहेर आले तेव्हा मी खडबडीत होते. घासून, पुसून मला चमक आणली गेली. डॉक्टरांनी मला लगेच पाण्यात ठेवले, कारण आमची जात कोरडी पडली की आकसते आणि ठिसूळ होते.

माझा एक दात मुद्दाम थोडा तिरका बसवलेला आहे. मी ज्यांची कवळी होते, त्यांचीच ती मागणी होती.

"अगदी सरळ नको हं, मृणाल," ते म्हणाले होते. "सरळ दात हिरोला शोभतात. मला पोस्टमास्तर ते मंत्री सगळं करायचंय."

ते म्हणजे नीळकंठराव. मूळचे उज्जैनचे, पण नोकरीभर पिपलानीजवळच्या मोठ्या कारखान्यात. यंत्रांचे नकाशे काढणे हे त्यांचे काम. गणपतीत मराठी मंडळाच्या नाटकात ते हमखास असत. पुढे शहरातल्या हिंदी नाटकांत जाऊ लागले. हिरड्यांच्या आजाराने वरचे दात एकेक करून गेले तेव्हा त्यांना वाटले, आता नाटक संपले. झाले उलटेच. त्याच सुमारास मुंबईची मंडळी चित्रीकरणासाठी वरचेवर भोपाळला येऊ लागली. त्यांना इथल्या मातीतले चेहरे हवे होते, आणि नीळकंठरावांकडे एक नव्हे, दोन चेहरे होते. मी आत असले की ते तहसीलदार, डॉक्टर, महंत, पोलीस अधिकारी. मी बाहेर असले की गाल आत जात, हनुवटी वर येई, आणि तेच गृहस्थ खेड्यातले ऐंशी वर्षांचे आजोबा होत.

मला त्या वर्षांचा अभिमान आहे. मी लाच मागितली आहे, लग्ने लावली आहेत, मुलाखतीत तरुणांना नापास केले आहे. गुन्ह्यांच्या मालिकांमध्ये तर नीळकंठरावांचा इतक्या वेळा खून झाला होता आणि ते इतक्या वेळा खुनी ठरले होते की पिपलानीच्या बाजारात भाजीवाला लांबूनच ओरडायचा, "बाबूजी! आप तो परसों जेल में थे, छूट गए?" यावर नीळकंठराव पिशवी पुढे करून म्हणत, "ज़मानत पर हूँ. टमाटर ठीक से तौलो." नाव कुणाला माहीत नसे. चेहरा सगळ्यांना माहीत असे. चरित्र अभिनेत्याचे असेच असते.

भोपाळातले कलाकार चित्रीकरणासाठी पुरवायचे काम ओंकार करायचा. तोंडाचा फाटका, मनाचा वाईट नव्हे. फोनवर तो भूमिकेचे नाव सांगत नसे. "बाबूजी, कल का रोल दाँत वाला है," किंवा "कल बिना दाँत का," एवढेच. मुंबईचे नवे लोक आले की तो नीळकंठरावांना पुढे करी. "सर, ये देखो. बाबूजी, ज़रा करके दिखाओ." मग नीळकंठराव कडक आवाजात कलेक्टरचे एक वाक्य बोलत, अंगठ्याने मला खाली ओढत, रुमालात घेत, आणि त्याच क्षणी म्हातारे होऊन काठी शोधत. सगळे टाळ्या वाजवत. पुन्हा करा म्हणत. पुन्हा ते करत.

मित्रांनो, त्या टाळ्या मलाही आवडत. पण प्रत्येक वेळी मी झटक्याने निघत होते, झटक्याने बसत होते, आणि मधला वेळ कोरड्या रुमालात, खिशात, चाव्यांच्या जुडग्याशेजारी काढत होते. कौतुक आणि झीज एकाच वेळी चालू होती. कौतुकाचा आवाज मोठा होता.

शिवाय आणखी एक गोष्ट घडत होती, तीही हळू. दात गेले की जबड्याचे हाड थोडे थोडे झिजते. माझ्या मापाचा जबडा आता माझ्या मापाचा राहिला नव्हता. कडेचा आधार गेला होता, आणि टाळूच्या मधल्या कठीण भागावर मी सी-सॉसारखी डुलत होते. तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की ती शेवटी तिथेच तुटते, हे तुम्ही करून पाहिले असेल. माझे तसे चालले होते.

डॉक्टर मृणालनी ते ओळखले. "काका, ही सैल झालीये. नवी करू या."

"आत्ता नको," नीळकंठराव म्हणाले. "मास्तर संपू दे."

"कोण मास्तर?"

"सीरियलमधला. अर्धं शूटिंग झालंय, मृणाल. तू नवी केलीस की ओठ वेगळा दिसेल, गाल वेगळा दिसेल. मास्तर दारातून आत येईल एका तोंडानं आणि खुर्चीवर बसेल दुसऱ्या तोंडानं. लोक म्हणतील हा कोण?"

"आणि ही तुटली तर?"

"नाही तुटणार. चिकटवायची पेस्ट दे जरा जास्त."

ही चूक दुसऱ्या कुणी केली नसती. ती नटच करू शकतो. तोंडाला त्रास होत असताना तो चेहरा तसाच राहावा म्हणून थांबला.

हा मास्तर म्हणजे त्यांच्या साऱ्या कामांत पहिली मोठी भूमिका. एका लहान गावातला शाळामास्तर शाळेच्या खिडकीतून ठेकेदाराच्या माणसांना एका मजुराला मारताना पाहतो, आणि गावात बाकी कुणीही तोंड उघडत नसताना कोर्टात साक्ष देतो. त्याचे पुढचे म्हातारपणही मालिकेत होते, बिनदातांचे. पण चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही. म्हातारपण आधीच चित्रित झाले होते. मधली साक्ष तेवढी राहिली होती, आणि ती माझ्याशिवाय होणार नव्हती. जवळच्याच बरखेड्यातल्या एका बंद शाळेच्या सभागृहात कोर्ट उभारले होते. एक दिवस मिळाला होता. दुसऱ्या दिवशी कोर्ट मोडून मंडळी मुंबईला परतणार होती. साक्ष झाली नाही तर न्यायाधीश फक्त "गवाह का बयान दर्ज है" एवढे म्हणतील आणि कथा पुढे जाईल, हे ओंकारने आधीच सांगून ठेवले होते. म्हणजे मास्तर उरेल, पण काठी टेकत रस्ता ओलांडणारा.

त्या दिवशी सकाळी नीळकंठराव साक्षीचे संवाद पुटपुटत बेसिनवर मला धूत होते. हात साबणाचे होते. मी निसटले.

आवाज फार मोठा झाला नाही. टक्.

"काय पडलं?" स्वयंपाकघरातून मनोरमाबाईंनी विचारले. या त्यांच्या पत्नी.

"काही नाही. ब्रश."

"ब्रश असा नाही वाजत." त्या हात पुसत आल्या आणि त्यांनी मला उचलून खिडकीच्या उजेडात धरले. मागच्या कडेपासून पुढे येणारी केसाएवढी चीर त्यांना दिसली. "अहो, ही चिरलीये. मृणालकडे चला आत्ताच्या आत्ता."

"दवाखाना उघडेपर्यंत माझा शॉट होऊन जाईल."

"मग ओंकारला फोन करा. म्हणावं असं असं झालंय."

"वेडी आहेस का तू? सक्सेनाजी आठवतात? ऐन वेळी म्हणाले, गुडघा धरलाय. दुपारपर्यंत त्यांच्या जागी दुसरा उभा होता. आता दिवाळीचा मेसेजसुद्धा येत नाही त्यांना."

"तुम्ही उगाच परेशान होऊन राहिलात. विचारून तर पाहा."

"मनू, मला हे एकच काम नीट मिळालंय गं."

नीळकंठरावांनी खणातून झटपट चिकटणाऱ्या गोंदाची नळी काढली. त्याच नळीने आदल्या आठवड्यात चपलेचा अंगठा चिकटवला होता. चिरेवर गोंद ओघळला, पांढरा पडला, कडक झाला. वरून चीर दिसेनाशी झाली. आतून मी होते तशीच होते. भर एवढीच पडली की टाळूवर आता एक उंचवटा टोचू लागला.

स्कूटरवरून बरखेड्याला जाताना गतिरोधकावर आम्ही उडालो तेव्हा नीळकंठरावांनी एका हाताने हनुवटी खालून धरली होती.

"आ गए बाबूजी!" ओंकार दारातच होता. "चलो, पोहा-जलेबी गरम है."

"व्रत है."

"आज काहे का व्रत? मंगल तो कल निकल गया."

"घर का है."

"भाभीजी ने रखवाया होगा," ओंकार हसला. मग चेहऱ्याकडे निरखून पाहत म्हणाला, "मुँह क्यों चढ़ा है? दाढ़ दुख रही क्या?"

"मेरे पास ऊपर दाढ़ है कहाँ, जो दुखेगी?"

ओंकार खो खो हसला. नीळकंठराव हसले नाहीत. हसले की मी वाकते.

दिग्दर्शक गौरांग मुंबईचे. वय कमी, आवाज हळू, आणि घाईत असले की आणखी हळू होई. त्यांनी नीळकंठरावांना साक्षीदाराच्या कठड्यात उभे केले. "बाबूजी, पहले दूर से पूरा सीन लेंगे. फिर वकील की तरफ़ से. आपका क्लोज़ लास्ट में."

मित्रांनो, यातली अडचण तुम्हाला समजावून सांगते. पडद्यावर जे भाषण तुम्ही एकदा ऐकता ते नट अनेक वेळा बोलतो. आधी कॅमेरा लांब असतो. तेव्हा सगळे कोर्ट दिसते आणि साक्षीदाराचे तोंड शेंगदाण्याएवढे दिसते. मग कॅमेरा जवळ येतो, आणि सगळ्यात शेवटी फक्त चेहरा. त्या वेळी डोळा हलला तरी कळते. म्हणजे माझी खरी गरज शेवटी होती, आणि तोपर्यंत मी सगळ्यात जास्त वाकून झालेली असणार होते.

सराव झाला. पहिल्याच मोठ्या वाक्याला गोंदाने हात सोडला. त्याचा एक कण जिभेवर आला. नीळकंठरावांनी तो गिळला.

पहिल्या वेळी सगळे नीट चालले होते, पण पंखा करकरला. "कट." दुसऱ्या वेळी वकील झालेला नट पुढचे विसरला. "कट." नीळकंठरावांनी पुन्हा सुरुवात केली. मी शाळेत मुलांची हजेरी घेत होतो. खिडकी उघडी होती. माणूस खाली पडला होता तरी ते मारत होते. अशी ती साधी वाक्ये होती, आणि प्रत्येक वाक्यागणिक चीर थोडी पुढे येत होती. मी वाकले की ती उघडे, सरळ झाले की मिटे, आणि मिटताना टाळूचा नाजूक भाग चिमटीत धरी. मला खारट चव कळली. ते रक्त होते.

बोलता येत असते तर मी ओरडले असते. साऱ्या भोपाळची भाषणे माझ्यातून गेली, पण माझे स्वतःचे एक वाक्य मला कधी बोलता आले नाही.

तिसऱ्या वेळी लांबचे दृश्य पुरे झाले. नीळकंठराव मागच्या व्हरांड्यात जाऊन रुमालात थुंकले. मागे ओंकार उभा होता.

"ये लाल क्या है?"

"पान."

"आप पान कब से खाने लगे? व्रत में?"

नीळकंठरावांनी रुमाल मुठीत धरला. ओंकारने मूठ उघडली, मग त्यांचे तोंडही उघडायला लावले. मोबाइलच्या उजेडात माझी चीर त्याने पाहिली. त्याचा चेहरा उतरला.

"बाबूजी, मेरी नौकरी खाओगे क्या? मैंने गौरांग सर को बोला था, ये आदमी पक्का है."

"बता दूँ उनको?"

"पागल हो! बिलकुल नहीं. अब वकील वाला शॉट है, उसमें आपकी पीठ है, फिर भी बोलना पूरा पड़ेगा. खींच लो. उसके बाद क्लोज़. बस खींच लो किसी तरह."

तेवढ्यात फोन वाजला. मनोरमाबाई होत्या. त्या दवाखाना उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसल्या होत्या. "मृणालला देते," त्या म्हणाल्या.

"काका, गोंद लावलात ना?" डॉक्टरांचा आवाज आला. "काकूंनी सांगितलं. आता ओरडत नाही, नंतर ओरडेन. चीर पुढच्या दातांपर्यंत आलीये का? जिभेनं बघा."

नीळकंठरावांनी जीभ फिरवली. "आलीये."

"मग ती जाणार. आज काय बोलायचंय ते आणखी किती वेळा बोलायचंय?"

"दोनदा तरी."

"एकदा होईल, काका. तेही हळू बोललात तर. दोनदा नाही."

फोन बंद झाला. नीळकंठराव व्हरांड्याच्या कठड्याला टेकून उभे राहिले. ओंकार म्हणत होता, "खींच लो, भगवान का नाम लो." पण नीळकंठराव ऐकत नव्हते. ते विचार करत होते, आणि त्यांच्या जबड्यात असल्यामुळे मला ते कळत होते, कारण विचार करताना ते दात हलकेच एकमेकांवर टेकवत. एकदाच बोलता येणार असेल, तर ते एकदा कुठे खर्चायचे? पाठमोऱ्या दृश्यात ते वाया जाणार. चेहऱ्याच्या दृश्यात हवे. आणि क्रम बदलायचा तर सांगावे लागणार. न सांगता क्रम बदलत नाही.

"बाबूजी, मत जाओ," ओंकार म्हणाला.

ते गेले. गौरांग छोट्या पडद्यावर झालेले दृश्य पाहत होते.

"सर, मेरे ऊपर के दाँत नकली हैं, ये आप जानते हैं. वो बीच में से चटक गए हैं. एक बार और बोल पाऊँगा. वो एक बार आप क्लोज़ में ले लीजिए."

गौरांगनी मान वर केली.

"कब हुआ?"

"सुबह. घर पर."

"सुबह?" त्यांचा आवाज आणखी खाली गेला. "तो सुबह क्यों नहीं बताया? मैं सुबह ही क्लोज़ ले लेता."

"डर गया था, सर."

गौरांगनी खिडक्यांकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले, ओंकारकडे तर असे पाहिले की तो दोन पावले मागे सरकला. मग ते वळून म्हणाले, "लाइट घुमाओ. बाबूजी का क्लोज़ पहले."

दिवे फिरवायला वेळ लागतो. तो सगळा वेळ नीळकंठराव कठड्यात तोंड मिटून बसून होते. कुणी त्यांच्याशी बोलले नाही. रागावून नव्हे, त्यांनी उत्तर देऊ नये म्हणून. ओंकार पाण्याचा पेला धरून शेजारी उभा राहिला आणि पुटपुटत राहिला, "अपन का तो गया. आज से अपन पोहे का ठेला लगाएगा. बाबूजी, हाँ मत बोलना, बस मुंडी हिलाओ."

कॅमेरा इतका जवळ आला की त्याच्या काचेत मला माझा तिरका दात दिसला.

"आपने क्या देखा, मास्टरजी?" वकिलाने विचारले.

नीळकंठरावांनी सकाळपासून जे मोठ्याने म्हटले होते ते आता हळू म्हटले. जबडा जेमतेम हलत होता. प्रत्येक वाक्यानंतर ते थांबत, आणि तेवढ्या वेळात जीभ मागून वर येऊन तळहातासारखी मला आधार देई. मी हजेरी घेत होतो. खिडकी उघडी होती. सभागृहात एक खुर्चीही हलत नव्हती. माणूस पडला होता तरी ते मारत होते. चीर दोन मोठ्या दातांच्या फटीत पोचली. मी स्वतःला धरून ठेवत होते, असे म्हणायला मला आवडेल. खरे तर प्लास्टिकला धीर नसतो. जितके सोसते तितके सोसते, आणि मग सोसत नाही.

शेवटचे वाक्य उरले होते. मास्तर न्यायाधीशांकडे पाहून म्हणतो, "साहब, डर मुझे भी लगता है. मगर देखा तो मैंने ही है."

नीळकंठरावांनी श्वास घेतला. तेवढ्या श्वासाने मी दुभंगले.

तो आवाज फक्त आम्हा दोघांना ऐकू आला. त्यांनी ओठ घट्ट मिटले. माझी दोन शकले जीभ आणि टाळू यांच्यामध्ये अडकून राहिली. कॅमेरा चालू होता. तोंड उघडले असते तर साक्ष तिथेच संपली असती. त्यांनी वकिलाकडे पाहिले. न्यायाधीशांकडे पाहिले. मग त्यांनी अगदी सावकाश मान फिरवली आणि खिडकीकडे तोंड केले, इतके की कॅमेऱ्याला आता फक्त कान आणि मागचे पांढरे केस दिसत होते. तिथे ते उभे राहिले. वाक्य बोलायला जितका वेळ लागला असता, तितका वेळ.

"कट," गौरांग म्हणाले. "बाबूजी, लाइन? मुड़ क्यों गए?"

नीळकंठरावांनी हात तोंडाशी नेला आणि तळवा पुढे केला. तळव्यावर मी होते, दोन ठिकाणी.

"लाइन बाद में डब कर लेंगे, सर," ते बोबड्या, हवा गळणाऱ्या आवाजात म्हणाले. "मुँह तो दिख नहीं रहा."

गौरांगनी ते दृश्य छोट्या पडद्यावर पाहिले. मग पुन्हा पाहिले. नीळकंठराव कठडा धरून उभे होते. ओंकारने डोळे मिटून घेतले होते.

"ठीक है," गौरांग शेवटी म्हणाले. "है अपने पास. बाकी सब पीठ से." आणि दारातून बाहेर जाता जाता ओंकारला म्हणाले, "अगली बार सुबह बताना. दोनों."

त्या संध्याकाळी डॉक्टर मृणाल ठरल्याप्रमाणे ओरडल्या. नीळकंठराव आणि मनोरमाबाई दोघेही खाली मान घालून ऐकत होते. माझ्या कडा जुळत नव्हत्या. मोडल्यामुळे नव्हे. स्वच्छ मोडलेली कवळी नीट जुळते. गोंदाचा जो थर कडांवर वाळून बसला होता तो जुळू देत नव्हता. डॉक्टरांनी घासून, नवा लगदा भरून मला एकसंध केले, पण मी तोंडात बसेनाशी झाले. तीच ही रेघ.

नीळकंठरावांना नवी कवळी झाली, त्यांच्या आजच्या जबड्याच्या मापाची. काही दिवसांनी तीच तोंडात घालून ते इथल्या एका स्टुडिओत गेले आणि उरलेले वाक्य बोलून आले. मला ते ऐकायला मिळाले नाही. मी तेव्हापासून इथे, बरणीत.

मालिका आली तेव्हा एका दुपारी पेशंट नसताना तिघेही इथे जमले. डॉक्टरांनी मोबाइल माझ्या बरणीला टेकवून उभा केला, त्यामुळे मी फक्त ऐकत होते. माझी वाक्ये मी ओळखली. एकेक वाक्य ओझे उचलल्यासारखे येत होते. मग ती शांतता आली. मग ते वाक्य आले, आणि ते माझे नव्हते. तो आवाज मोकळा होता. कुठेही अडखळत नव्हता. त्यात भीती होती, पण ती मास्तरांची होती.

"हे घरी म्हणायचात तेव्हा इतकं चांगलं नव्हतं हं," मनोरमाबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"तेव्हा अर्धं लक्ष दातांत असायचं," नीळकंठराव म्हणाले.

डॉक्टर हसल्या. "मग मी म्हणत होते तेव्हा का नाही ऐकलंत?"

"तू दातांबद्दल म्हणत होतीस, मी चेहऱ्याबद्दल ऐकत होतो."

मला वाईट वाटले का? थोडे वाटले. इतकी वर्षे सोबत काढली आणि लोकांच्या लक्षात राहील ते वाक्य दुसरीने म्हटले. पण ते वाक्य माझ्यातून इतके चांगले निघाले नसते, हेही मला ऐकूनच कळले. बाकी साक्ष माझी आहे. तेवढे मला पुरते.

मित्रांनो, घरी आजी-आजोबांची कवळी असेल तर ती पाण्यात ठेवा. धुताना बेसिनमध्ये जाड टॉवेल घाला, म्हणजे निसटली तरी फुटणार नाही. चिरली तर गोंदाला हात लावू नका, डॉक्टरांकडे न्या. हे माझ्यासारख्यांसाठी झाले. आणखी एक सांगते. घरात कुणी जेवायला नको म्हणत असेल, विनोद झाला तरी ओठ मिटून बसत असेल, तर "काही नाही" हे उत्तर लगेच खरे मानू नका. काय होतंय, असे विचारा. आणि विचारून पळून जाऊ नका. सांगायला धीर गोळा करावा लागतो, तेवढा वेळ त्यांच्याजवळ बसा.